कोविडच्या वर्षांत शिकलेली लॅबची पोरं (आणि एक फसलेला प्लेटलेट काउंट)

सुईवाली

डेंग्यूचा सीझन आहे, त्यामुळे सकाळी सातपासून आमच्या लॅबच्या पायऱ्यांवर रांग. लॅब सिंहगड रस्त्याला आहे, नाव लिहीत नाही. परवा एका तिशीतल्या बाईंचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली. मशीननं प्लेटलेट दाखवल्या २८ हजार. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलानं डॉक्टरांची सही व्हायच्या आधीच आकडा नवऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. अर्ध्या तासात त्या घरातली चार माणसं प्लेटलेटची पिशवी कुठं मिळेल म्हणून शहरभर फोन फिरवत होती.

बाईंना ताप नाही. अंगावर एक लाल ठिपका नाही. ऑफिसच्या तपासणीसाठी आलेल्या, समोर बसून मला रिक्षावाल्याची तक्रार सांगतायत.

मी मुलाला म्हटलं, स्लाईड लाव. त्यानं लावली. रक्ताचा थेंब एवढा मोठा घेतला की स्लाईडवर थालीपीठ थापल्यासारखं झालं. दुसरी लावली, ती मध्येच तुटली, पट्ट्यापट्ट्यांची. तिसऱ्या वेळी त्याचे कान लाल झालेले दिसले म्हणून मीच लावली. लेशमनचा रंग दोन मिनिटं, त्यावर दुप्पट बफर, आठ-दहा मिनिटं, धुतली, वाळवली, लेन्सखाली घेतली. थराच्या शेपटाकडच्या भागात प्लेटलेटचे घोळकेच्या घोळके. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, मशीनला तो घोळका एकेकटी प्लेटलेट म्हणून मोजता येत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, आकड्याला १.१ नं गुणलं, आल्या १ लाख ९० हजार. बाई घरी गेल्या. नवरा मात्र जाताना जे बोलला ते बोलला, आणि त्याचं चूक नव्हतं.

आता मुद्दा. हा मुलगा आळशी नाही, बेफिकीर तर अजिबात नाही. २०१९ ला बीएमएलटीला, म्हणजे लॅब तंत्रज्ञाच्या पदवीला, प्रवेश घेतलेला. पहिलं वर्ष संपत आलं आणि मार्च २०२० उजाडला. दुसरं वर्ष, म्हणजे जिथं खरा हात बसतो ते, सगळं मोबाईलवर. त्याला आरटी-पीसीआरबद्दल विचारा, झोपेतून उठून सांगेल. मायक्रोपिपेट असा धरतो की मी त्याच्याकडून शिकले. पण न्यूबावर चेंबरवर, त्या चौकटी आखलेल्या काचेवर, पांढऱ्या पेशी मोजलेल्या नाहीत, लहान मुलाची शीर कधी शोधलेली नाही, स्मिअर (स्लाईडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) 'जर्नलमध्ये काढलाय' म्हणतो. म्हणजे पेन्सिलीनं!

त्या दोन-तीन वर्षांतली मुलं, त्यांना शिकवणारे, त्यांना कामावर घेणारे, कोणी इथं असाल तर लिहा. मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. या मुलांचं काय राहून गेलंय आणि ते आता कसं भरून काढायचं, एवढंच हवंय.

सदाशिवकर

ताई, लिहिलंय छान, पण जरा उलटं बोलतो. तुम्ही शिकलात तेव्हा हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत रंग जुळवून काढायचात. आज कोण काढतं? मशीन आलं, साहली गेली. स्मिअरचंही तेच होणार. मुलाचा दोष फार तर एवढाच की सहीआधी रिपोर्ट पाठवला. त्याला महामारी कशाला मध्ये आणायची?

सुईवाली

साहली गेली, मी तिच्यासाठी रडत नाही. पण परवा मशीननंच 'प्लेटलेट क्लम्प?' असा फ्लॅग दिला होता. कोपऱ्यात, बारीक अक्षरात. मशीन स्वतः म्हणतंय की बाबा, डोळ्यानं बघ. बघणारा डोळा कुठून आणायचा?

इओसिनोफिल

पॅथॉलॉजिस्ट आहे, दोन लॅबच्या रिपोर्टवर सही करते. सुईवालीताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात माझी भर.

२०२० च्या पावसाळ्यात आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत माझ्याकडे आलेले नमुने आठवून पाहिले. डी-डायमर, सीआरपी, फेरिटिन, एलडीएच, आयएल-६, सगळ्या कोविडच्याच रक्ततपासण्या. परत डी-डायमर. ओपीडी बंद, ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या, साधा खोकला झालेला माणूस भीतीनं दारात येत नव्हता. त्यामुळे ज्या थोड्या मुलांना त्या काळात पोस्टिंग मिळालं, त्यांनीही एकाच आजाराचं रक्त पाहिलं. स्टूलचा नमुना महिनोन्महिने आला नाही. एका मुलाखतीत मी अंकुशकृमीचं अंडं दाखवलं तर मुलगी म्हणाली, "मॅडम, हवेचा बुडबुडा." हसू नका, तिनं खरोखर पहिल्यांदा पाहिलं होतं.

आणि ज्या डी-डायमरवर त्यांचा हात बसला तिथंही एक भानगड. काही किट आकडा एफईयू या एककात देतात, काही डीडीयू या एककात, आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट असतो. एका लॅबचा कालचा आणि दुसरीचा आजचा रिपोर्ट शेजारी ठेवून नातेवाईक विचारायचे, दुप्पट कसं झालं? नवीन मुलांना एकक वाचायची सवय लावायला तेव्हा कुणालाच वेळ नव्हता. मलाही नव्हता, कबूल करते.

भीमाकाठ

नमस्कार. इथं वाचनमात्र असते, पण धागा माझ्याच बॅचबद्दल आहे म्हणून पहिल्यांदा लिहितेय.

मी इंदापूर तालुक्यातली. २०१९ ला पुण्यात बीएमएलटीला आले, धनकवडीत तिघींत एक खोली. मार्च २०२० मध्ये कॉलेजनं "पंधरा दिवसांनी बघू" म्हणून घरी पाठवलं. मी दोन ड्रेस आणि एक वही घेऊन गेले. पुस्तकं खोलीतच राहिली, ती पुढं सात महिन्यांनी मिळाली. मालकानं ती गच्चीवर पोत्यात भरून ठेवलेली, वर पाऊस पडून गेलेला.

घरी नेटवर्क फक्त गोठ्याच्या पत्र्यावर. पत्रा तापायचा म्हणून सकाळचं लेक्चर वर, दुपारचं बुडालं. सर व्हिडिओत ग्रॅम स्टेन दाखवायचे. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडिन, मग अल्कोहोल टाकून किती सेकंदांनी थांबायचं, तर "रंग वाहायचा थांबला की". माझ्या मोबाईलवर चित्र अडकत अडकत पुढं सरकायचं, रंग कधी थांबला ते कळायचंच नाही. व्हिडिओला वासही नसतो. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्यांदा इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि मळमळलं. मैत्रीण म्हणाली, "तिसऱ्या वर्षाला येऊन तुला वास येतोय का!"

शीर काढायचा सराव मी सलाईनच्या नळीवर केला. गावातल्या दवाखान्यातून वापरलेली नळी आणली, उकळली, कुंकवाचं पाणी भरलं, आईच्या जुन्या उशीच्या फोममध्ये दाबून बसवली. सुई पंधरा ते तीस अंशांत घालायची हे पाठ होतंच. पण फोम दुखतंय म्हणत नाही, हात मागं घेत नाही, आणि त्याची शीर सुईच्या टोकाखालून सरकत नाही.

परीक्षा ऑनलाईन, पर्यायवाली. मला डिस्टिंक्शन आहे. सांगायला लाज वाटते. आजही समोर म्हातारं माणूस बसलं की पोटात गोळा येतो.

ताई, तुमच्या त्या मुलाचे कान लाल झाले हे वाचून मला रडू आलं. रागावू नका त्याच्यावर.

सुईवाली

अगं बाळा, रागावले नाही. चहा पाजला त्याला. पण घोळके दाखवल्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही!

आबा_हडपसर

आमचा मुलगा डीएमएलटी, लॅबचा डिप्लोमा. फी पूर्ण घेतली, लॅबचं शुल्कसुद्धा पूर्ण घेतलं, लॅब बंद असताना. विचारायला गेलो तर म्हणाले, केमिकल खराब झाली त्याचा खर्च कोण देणार? कॉलेजचं नाव लिहीत नाही. केमिकल कशी खराब झाली, कुणी उघडलीच नव्हती ती!

गुलाबी पाणी

आबा, आमच्याकडेही तेच.

माझी गोष्ट भीमाकाठच्या उलटी आहे. मी २०२० मध्ये डीएमएलटीच्या शेवटच्या टप्प्यात होतो, घर इथंच येरवड्याला, त्यामुळे पळायला जागा नव्हती. कंत्राटावर स्वॅब घ्यायला लागलो. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा आमच्या वर्गात त्यावर विनोद चालले होते. दोन महिन्यांनी मी पीपीईमध्ये घाम निथळत उभा. स्वॅब ज्यात बुडवून पाठवतात त्या व्हीटीएमच्या ट्यूबमधलं ते गुलाबी पाणी, त्यावरून आयडी घेतलाय. आमचे घरमालक गॅलरीतून सांगायचे, "जिन्याला हात न लावता वर जा." जिन्याला हात न लावता जाता येतं, पण मग बारा तासांच्या ड्यूटीनंतर पाय उचलायला आधार कसला?

पुढं मला पीसीआर लॅबमध्ये घेतलं. तिथं जे शिकलो ते कॉलेजनं दहा वर्षांत शिकवलं नसतं. एक रात्र सांगतो. ९६ खणांची प्लेट भरली, मशीन लावलं. प्रत्येक प्लेटमध्ये एक खण असा ठेवतात ज्यात नमुना नसतोच, नुसतं पाणी. त्याला एनटीसी म्हणतात. त्यात काही उगवायला नको. पहाटे अडीचला बघतो तर एनटीसीची रेघ, विषाणू असल्याची खूण, ३३ व्या सायकलला वर आली. म्हणजे माझ्या हातून कुठंतरी सांडलं, किंवा टिप बदलली नाही, किंवा एकाचं झाकण उघडताना दुसऱ्यात उडालं. अख्खी प्लेट बाद. सीनियर दादा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "यातला एखादा माणूस उगाच चौदा दिवस कोंडला गेला असता." मग आम्ही दोघांनी सगळं परत केलं. उजाडल्यावर बाहेर आलो तर रस्त्यावर फक्त दूधवाला आणि पोलीस.

तेव्हापासून मास्टर मिक्सच्या (पीसीआरच्या रसायनांच्या) खोलीतून नमुन्याच्या खोलीत गेलो की उलटा येत नाही, हात आपोआप थांबतो. ही शिस्त आमच्या बॅचला मिळाली, ती सुईवालीताईंनी लिहिली म्हणून बरं वाटलं. बाकीचे फक्त 'कोविड बॅच' म्हणून नाक मुरडतात.

पण २०२२ मध्ये नमुने आटले, कंत्राट संपलं. एका रुग्णालयात मुलाखतीला गेलो. प्रमाणपत्रांची फाईल ठेवली, त्यांनी ती बाजूला सारली आणि म्हणाले, "या आजींचं रक्त घ्या." दोन वर्षांत मी हजारो नाकांत काडी घातली होती. शेवटची शीर घेतली होती फेब्रुवारी २०२० मध्ये. आजींना तीनदा टोचलं, चौथ्यांदा तिथल्या सिस्टरनी घेतलं. आजी मलाच म्हणाल्या, "असू दे रे, माझ्या शिरा लपतात."

नोकरी मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

सदाशिवकर

वरचा प्रतिसाद वाचून माझा पहिला प्रतिसाद थोडा मागं घेतो. थोडाच.

पण पुण्याला साथ नवी नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूत देशातला पहिला मृत्यू इथंच झाला, ३ ऑगस्टला. तेव्हा का नाही झालं असं?

खडूफळा

सदाशिवकर, तेव्हाही मी शिकवत होते म्हणून सांगते. २००९ मध्ये शाळा-कॉलेजं काही दिवस बंद राहिली, रांगा नायडूला लागल्या, स्वॅब जायचे एनआयव्हीकडं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडं. आमच्या मुलांचा सप्टेंबरात अभ्यासक्रम भरून निघाला. २०२० चा फरक फक्त किती दिवस एवढा नव्हता. रुग्णालयानं विद्यार्थ्याला आत घेणंच बंद केलं. आम्ही विचारलं तर त्यांचं म्हणणं होतं, पीपीई आमच्या माणसांना पुरत नाही, तुमच्या पोरांना कुठून देऊ? काही झालं तर जबाबदारी कुणाची? या दुसऱ्या प्रश्नाला आमच्या प्राचार्यांकडे उत्तर नव्हतं. विमा नव्हता. त्यामुळे मी त्यांना पूर्ण दोष देत नाही. आणि मग नोव्हेंबरच्या सुमारास, माणसं कमी पडायला लागल्यावर, तीच मुलं चालायला लागली! बिनपगारी, दिवसभर बारकोड चिकटवायला. त्याचा मात्र मला अजून राग आहे.

आता माझी बाजू. घरात ओट्यावर मायक्रोस्कोप ठेवून मी आयपीसला मोबाईल लावायचे. एका हातानं मोबाईल, दुसऱ्यानं फाईन अ‍ॅडजस्टमेंट, मागं कुकरच्या शिट्ट्या. सव्वीस मुलं जोडलेली, "दिसतंय का?" विचारलं की दोघं 'हो' म्हणायची. बाकीची आहेत की नाहीत देवाला ठाऊक. तयार स्लाईड कुरिअरनं पाठवून बघितल्या. अर्ध्या फुटल्या. आणि पोचल्या तरी बघणार कशाखाली? घरात कुणाच्या मायक्रोस्कोप आहे?

मुलांना मी सगळं दाखवलं. पण एक गोष्ट व्हिडिओतून देता येत नाही ती म्हणजे चूक. स्मिअर शिकवताना मी काहीच करत नाही, फक्त मागं उभी राहते. मूल स्प्रेडर, म्हणजे रक्त पसरायची काच, ४५ अंशांऐवजी उभाच धरतं, थर जाड येतो, मी म्हणते "परत". आडवा धरतं, पातळ होतो, "परत". विसाव्या-तिसाव्या स्लाईडला जिभेसारखं टोक येतं आणि मुलाला स्वतःलाच कळतं की आलं. ऑनलाईन वर्गात त्यानं माझी बरोबर आलेली एकच स्लाईड तीस वेळा पाहिली.

अजून एक. २०२१ च्या मार्चमध्ये, आपण लॅबवाले ज्यात येतो त्या अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला. त्यात अलाइड व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २००० तास आणि हेल्थकेअर व्यावसायिकाला ३६०० तास घातलेत. चांगलंच आहे. पण आमच्या मस्टरवर त्या दोन वर्षांचे तासही भरलेलेच दिसतात. ऑनलाईन तास तो तासच. हाताचे तास वेगळे लिहायला रकानाच नाही.

इओसिनोफिल

खडूफळा मॅडम, 'चूक देता येत नाही' याला +१.

आम्ही गेल्या वर्षापासून नवीन माणूस घेताना गुणपत्रिका शेवटी बघतो. आधी पाच स्लाईड लावायला देतो, नापास करायला नव्हे, कुठून सुरुवात करायची ते कळायला. दोन आठवडे फक्त सकाळचं कलेक्शन, सीनियर शेजारी. आणि मशीननं फ्लॅग दिला किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली आल्या, तर स्लाईड पाहिल्याशिवाय रिपोर्ट मला पाठवायचाच नाही, असा नियम भिंतीवर लावलाय. नियमाला काही पैसे पडत नाहीत.

आबा_हडपसर

मॅडम, मोठ्या लॅबला हे जमतं. आमच्या पोराला जिथं लावलंय तिथं पहिल्याच दिवशी एकट्याला घरोघर कलेक्शनला पाठवलं. हातात पेटी, खिशात पत्ते. कोंढव्यापासून वडगाव शेरीपर्यंत दुचाकीवर. कोण शेजारी उभं राहणार?

सुईवाली

आबा, बरोबर आहे तुमचं. छोट्या लॅबचा मालक म्हणतो मला तयार माणूस पाहिजे, कॉलेज म्हणतं पदवी दिली, आणि मधलं अंतर कापायचं काम शेवटी पेशंटच्या दंडावर होतं.

मी असं केलंय. आमची लॅब रविवारी दहाला बंद होते. त्यानंतर दोन तास, डॉक्टरांची परवानगी घेऊन, मी बसणार आहे. उरलेलं रक्त, जुन्या स्लाईड धुऊन ठेवल्यात, लेशमनची बाटली माझी. शिरांसाठी एकमेकांचे हात, आणि माझ्या सासूबाई. ८१ वर्षं, शिरा दोऱ्यासारख्या, पण त्यांना पोरांशी गप्पा मारायला आवडतं. एका वेळी चारच जण. पैसे नाहीत. भीमाकाठ, गुलाबी पाणी, आबांचा मुलगा, व्यनि (खासगी निरोप) करा.

गुलाबी पाणी

ताई, व्यनि केलाय. येताना मायक्रोपिपेट घेऊन येऊ का? तुम्ही शिकवा, मीही काही दाखवतो.

सुईवाली

आणच.

भीमाकाठ

काल गेले होते. बावीस स्लाईड लावल्या. नववीला टोक आलं, मग परत गेलं, सतराव्यापासून येतंय. ताईंनी खरंच काही शिकवलं नाही, फक्त "परत" म्हणत होत्या.

आजींचं रक्त दुसऱ्या प्रयत्नात मिळालं. पहिल्यांदा शीर सरकली. आजी म्हणाल्या, "अंगठ्यानं खालून कातडी ताण गं, माझी सून तशीच करते." ताण दिला, सुई घातली, ट्यूबमध्ये रक्त आलेलं बघून मी टूर्निके, दंडाला बांधलेला पट्टा, सोडायलाच विसरले. आजींनीच आठवण केली.

सदाशिवकर

सासूबाईंना फॅकल्टी म्हणून नेमा. (हे मनापासून.)

सुईवाली

धागा खाली गेला होता, वर काढतेय, कारण आज सकाळचं सांगायचंय.

एका कॉलेजच्या मुलाचा सीबीसी, प्लेटलेट ४१ हजार. मी कलेक्शनला बाहेर होते. आमच्या त्या मुलाचा फोन आला. "ताई, रिपोर्ट थांबवलाय. स्लाईड लावलीये. तीन फील्ड पाहिली, शेपूट पाहिलं, घोळके दिसत नाहीत. तुम्ही येऊन बघता का?"

आले, बघितली. थर थोडा जाड होता, पण वाचता येत होता. घोळके नव्हते. ४१ हजार खरेच होते. डॉक्टरांनी सही करायच्या आधीच पेशंटच्या डॉक्टरांना फोन लावला, पोरगा दुपारी ॲडमिट झाला.